मापाडी आणि व्यापारी

६ जानेवारी २०२१ हा दिवस अमेरिकेला आठवतो तो वॉशिंग्टनच्या संसदभवनावर चाल करून गेलेल्या जमावामुळे. त्याच दिवशी सकाळी, कॅमेरे अजून तिकडे वळायचे होते तेव्हा, एका कंपनीचं निवेदन बाहेर पडलं. मिनेसोटातल्या ईडन प्रेरीची ऑप्टम ही कंपनी टेनेसीतल्या नॅशव्हिलची चेंज हेल्थकेअर विकत घेणार होती. चेंजच्या डोक्यावरच्या कर्जासह किंमत सुमारे १३ अब्ज डॉलर, तेव्हाच्या भावाने पंच्याण्णव हजार कोटी रुपयांच्या आसपास. संध्याकाळपर्यंत ही बातमी कुणाच्या लक्षातही राहिली नसेल. पुढे तीन वर्षांनी, आपल्या औषधाच्या बिलाशी ऑप्टमचा काही संबंध आहे हेही ज्यांना ठाऊक नव्हतं अशा कोट्यवधी लोकांना तिची झळ बसली.

ईडन प्रेरी हे मिनियापोलिसच्या नैर्ऋत्येचं उपनगर. वस्ती साठ-पासष्ट हजारांची, भरपूर तळी, झाडीतून जाणारे सायकलचे रस्ते, एक मोठा मॉल. एकोणिसाव्या शतकात एलिझाबेथ एलेट नावाची लेखिका या बाजूला आली आणि इथली गवताळ कुरणं पाहून तिने हे नंदनवनी नाव दिलं, असं गावाच्या इतिहासात सांगतात. आता कुरणं फारशी उरली नाहीत, कंपन्यांची मुख्यालयं आहेत. मालवाहतुकीतली सी. एच. रॉबिन्सन इथलीच, श्रवणयंत्रं बनवणारी स्टार्की इथलीच. आयटीच्या नोकऱ्यांमुळे भारतीय बरेच, त्यात मराठी घरंही आहेत. ऑप्टमचं मुख्यालय इथेच. ऑप्टमची मालक युनायटेडहेल्थ. १९७० च्या दशकात शेजारच्या मिनेटोंकात जन्मलेली ही विमा कंपनी आज अमेरिकेतली सर्वात मोठी आरोग्य विमा कंपनी आहे.

विमा हा तिचा अर्धाच धंदा. दुसरा अर्धा म्हणजे ऑप्टम. २०११ मध्ये विम्याखेरीजचे सगळे उद्योग या एका नावाखाली आणले गेले: दवाखाने चालवणं, औषधांचे दर ठरवण्यात मध्यस्थी करणं, इस्पितळांना आणि विमा कंपन्यांना सॉफ्टवेअर पुरवणं. २०२३ अखेर ऑप्टमशी नोकरीने किंवा कराराने बांधलेले डॉक्टर सुमारे नव्वद हजार होते. आणि ऑप्टमची सेवा विकत घेणाऱ्यांमध्ये युनायटेडहेल्थच्या प्रतिस्पर्धी विमा कंपन्याही होत्या. या शेवटच्या वाक्यावरच पुढे या खरेदीविरुद्धचा खटला मुख्यतः उभा राहिला.

त्यासाठी क्लेमचा प्रवास समजून घ्यायला हवा. आपल्याकडे कॅशलेस मेडिक्लेममध्ये इस्पितळाच्या टीपीए डेस्कवर जे चालतं, त्याचंच हे अवाढव्य आणि संगणकी रूप. अमेरिकेतल्या डॉक्टरने रुग्ण तपासला की त्याच्या दवाखान्यातून ठरावीक साच्यातली एक फाइल निघते. या साच्याचा क्रमांक ८३७. कोणता आजार, कोणती तपासणी, किती पैसे, सगळं कोडमध्ये. देशात विमा कंपन्या शेकडो आणि प्रत्येकीचे नियम वेगळे, त्यामुळे दवाखाना ही फाइल थेट विमा कंपनीकडे न पाठवता क्लिअरिंगहाउसकडे पाठवतो. क्लिअरिंगहाउस चुका तपासतं, योग्य कंपनीकडे फाइल रवाना करतं आणि कंपनीचं उत्तर परत आणून देतं. उत्तराच्या साच्याचा क्रमांक ८३५. यात इतके डॉलर मंजूर, इतके नामंजूर आणि कारण काय ते असतं. दवाखान्याचं बिलिंगचं टेबल दिवसभर या दोन आकड्यांवर चालतं. चेंज हेल्थकेअर ही या कामातली सर्वात मोठी कंपनी. न्याय खात्याच्या तक्रारीनुसार देशातले जवळपास निम्मे वैद्यकीय क्लेम तिच्या यंत्रणेतून जात होते.

आता कोणाचा कोणता क्लेम मंजूर झाला, कोणत्या नियमाने कापला गेला, कोणती कंपनी कोणत्या इस्पितळाला काय देते, हे सगळं ज्या वाटेने जातं ती वाट एका विमा कंपनीच्या मालकीची झाली तर? आपल्या बाजार समितीत मापाड्याचं लायसन वेगळं आणि व्यापाऱ्याचं वेगळं असतं, त्यामागची शंका नेमकी हीच. काटा ज्याच्या हातात, त्यानेच माल घ्यायचा नाही.

या शंकेला अमेरिकेत कायद्याचं बळ आहे आणि तेही जुनं. १८९० चा शेर्मन कायदा, १९१४ चा क्लेटन कायदा, त्याच वर्षी जन्मलेलं फेडरल ट्रेड कमिशन. १९७६ च्या कायद्याने मोठ्या खरेदीची आगाऊ सूचना सरकारला देणं बंधनकारक झालं. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोग ही एकच संस्था हे काम पाहते. तिकडे ट्रेड कमिशन आणि न्याय खात्याचा मक्तेदारीविरोधी विभाग अशा दोन यंत्रणा आहेत आणि त्यांनी उद्योग आपापसात वाटून घेतले आहेत. आणखी एक फरक मोठा आहे. आपला आयोग स्वतः हुकूम काढून खरेदी मंजूर किंवा नामंजूर करू शकतो. न्याय खात्याला मात्र कोर्टात जावं लागतं. तिथे न्यायाधीशाला पटवून द्यावं लागतं की या खरेदीने पुढे जाऊन स्पर्धा घटण्याची शक्यता आहे. म्हणजे जे अजून घडलेलंच नाही, त्याचा पुरावा द्यायचा.

मिनेसोटाला हा खेळ नवा नाही. ईडन प्रेरीहून अर्ध्या-पाऊण तासावर सेंट पॉल आहे. तिथल्या समिट अव्हेन्यूवर जेम्स जे. हिल या रेल्वेसम्राटाचा लाल दगडी वाडा अजून उभा आहे. १९०१ मध्ये हिलने जे. पी. मॉर्गनबरोबर नॉर्दर्न सिक्युरिटीज नावाची कंपनी काढली आणि वायव्येकडे धावणाऱ्या प्रतिस्पर्धी रेल्वेमार्गांचे शेअर तिच्या पोटात घातले. गव्हर्नर सॅम्युएल व्हॅन सँट यांनी आपल्याच राज्याच्या या बड्या माणसाविरुद्ध दंड थोपटले. पाठोपाठ राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या सरकारनेही खटला भरला. १४ मार्च १९०४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी कंपनी मोडीत काढायला लावली. शेर्मन कायदा कागदावरून जमिनीवर आला तो त्या दिवशी. विरोधी चौघांमध्ये न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स होते. रूझवेल्टनी ज्यांना नुकतंच नेमलं होतं तेच, आणि याचा राग अध्यक्षांच्या मनातून लवकर गेला नाही.

एकशेवीस वर्षांनी मिनेसोटा पुन्हा आपल्याच घरच्या कंपनीविरुद्ध उभं राहिलं. मार्च २०२१ मध्ये अमेरिकन हॉस्पिटल असोसिएशनने न्याय खात्याला पत्र लिहून या खरेदीला हरकत घेतली. खात्याने कंपन्यांकडे आणखी कागदपत्रं मागितली आणि चौकशी जवळपास वर्षभर चालली. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी वॉशिंग्टनच्या फेडरल कोर्टात दावा दाखल झाला. सरकारच्या बाजूने दोन राज्यं सामील होती, न्यूयॉर्क आणि मिनेसोटा. मक्तेदारीविरोधी विभागाचे प्रमुख तेव्हा जोनाथन कँटर होते. मोठ्या कंपन्यांना आजवर फार सैल सोडलं, असं उघड मत असलेला हा वकील.

१ ऑगस्टला न्यायाधीश कार्ल निकोल्स यांच्यासमोर सुनावणी सुरू झाली. सरकारचे मुद्दे दोन. पहिला सरळ होता. क्लेमची पहिली छाननी करणारं सॉफ्टवेअर दोघांकडेही होतं, चेंजकडे क्लेमएक्स्टेन आणि ऑप्टमकडे स्वतःचं. दोन्ही एका हातात गेली तर त्या बाजारातला नव्वद टक्क्यांहून जास्त वाटा एकाच कंपनीकडे जाणार. यावर युनायटेडहेल्थने आधीच तोडगा काढून ठेवला होता: क्लेमएक्स्टेन टीपीजी या गुंतवणूक कंपनीला २.२ अब्ज डॉलरला विकून टाकायचं.

हा तोडगा आपल्याला अपरिचित नाही. २०१४ मध्ये मुंबईच्या सन फार्माने रॅनबॅक्सी घेतली, तेव्हा स्पर्धा आयोगाने पहिल्यांदाच एखाद्या खरेदीची सखोल आणि जाहीर तपासणी केली. डिसेंबरमध्ये परवानगी दिली ती सात औषधं विकून टाकण्याच्या अटीवर. ती औषधं पुढे पुण्याच्या एमक्युअरकडे गेली. जिथे दोन दुकानं एकाच गल्लीत आहेत तिथे नियामकाला काय करायचं ते कळतं. एक दुकान दुसऱ्याला द्यायला लावायचं.

दुसरा मुद्दा मापाड्याचा होता आणि तो अवघड होता. युनायटेडहेल्थला प्रतिस्पर्धी विमा कंपन्यांची माहिती मिळेल, ती माहिती वापरली जाईल, आणि आपण काही नवं केलं तर ते लगेच समोरच्याला कळणार या भीतीने प्रतिस्पर्धी नवं काही करणारच नाहीत, असं सरकारचं म्हणणं. यातली एकही गोष्ट अजून घडलेली नव्हती. बचावाचं उत्तर होतं की ऑप्टम कितीतरी वर्षं प्रतिस्पर्ध्यांची कामं करतेच आहे, त्यांची माहिती आधीपासून तिच्याकडे आहे आणि तिचा गैरवापर झाल्याचं सरकारने दाखवलेलं नाही. दोन्ही धंद्यांमध्ये फायरवॉल आहेत, नियम आहेत. ते मोडले तर ऑप्टमचीच गिऱ्हाइकं पळतील. युनायटेडहेल्थचे तेव्हाचे प्रमुख सर अँड्र्यू विटी, पूर्वी ब्रिटनच्या जीएसके या औषध कंपनीचे प्रमुख, यांनीही साक्ष दिली.

निकाल १९ सप्टेंबर २०२२ ला लागला. सरकार हरलं. क्लेमएक्स्टेन विकण्याचा हुकूम न्यायाधीशांनी दिला, म्हणजे जे कंपनी स्वतःहून करायला तयार होती तेच. माहितीच्या मुद्द्यावर त्यांचं म्हणणं असं की सरकारची मांडणी तर्कावर उभी आहे, पुराव्यावर नाही. आपण नवं करणं थांबवू असं प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या साक्षीदारांपैकी कुणी सांगितलं नाही, हेही त्यांनी नोंदवलं. मला हा निकाल वाईट वाटत नाही. कायद्याने जी कसोटी हाती दिली होती ती त्यांनी लावली, आणि कोणती बडी विमा कंपनी भर कोर्टात सांगेल की आपण घाबरून नवं काही करणार नाही? ३ ऑक्टोबरला खरेदी पूर्ण झाली. सरकारने अपील केलं आणि २०२३ च्या मार्चमध्ये ते मागे घेतलं. वर्तमानपत्रांनी हा विषय इथे मिटवला.

१२ फेब्रुवारी २०२४ रोजी कुणीतरी चोरलेला पासवर्ड वापरून चेंजच्या एका सर्व्हरवर दूरून लॉग-इन केलं. पासवर्डनंतर मोबाइलवर येणारा कोड टाकावा लागतो ती दुसरी पायरी, जी आपण बँकेत शंभर रुपये पाठवतानाही करतो, त्या सर्व्हरवर नव्हतीच. चोर नऊ दिवस आत फिरले, माहिती उचलली आणि २१ फेब्रुवारीला रॅन्समवेअर सोडून सगळं कुलूपबंद केलं. टोळीचं नाव एएलपीएचव्ही, ब्लॅककॅट या नावानेही ओळखली जाणारी. लागण पसरू नये म्हणून चेंजने आपली यंत्रणा बाहेरच्या जगापासून तोडून टाकली. हा निर्णय बरोबर होता, पण त्या क्षणी ८३७ जाणं आणि ८३५ येणं बंद पडलं.

पहिल्या दिवशी ते दिसलं औषधांच्या काउंटरवर. विमा आहे की नाही, रुग्णाने स्वतः किती द्यायचे, हे पडद्यावर येईना. पूर्ण किंमत मोजा नाहीतर नंतर या. परदेशातल्या अमेरिकन लष्करी तळांवरच्या औषधालयांनाही कामं हाताने करावी लागली. दुसऱ्या आठवड्यात ते दवाखान्यांच्या बँक खात्यांत दिसलं. अमेरिकेत पगार बहुधा पंधरवड्याने होतो; दोन डॉक्टर, तीन नर्स आणि एक बिलिंगवाली असलेल्या दवाखान्याकडे महिनाभराची गंगाजळी क्वचितच असते. रुग्ण रोज येत होते, तपासले जात होते, क्लेम तयार होऊन पडून राहत होते आणि जमेच्या रकान्यात शून्य. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या पाहणीत ऐंशी टक्के दवाखान्यांनी न भरल्या गेलेल्या क्लेमपोटी उत्पन्न बुडाल्याचं सांगितलं. पंचावन्न टक्के डॉक्टरांनी खर्च भागवायला स्वतःच्या खिशातले पैसे घातले. हॉस्पिटल असोसिएशनच्या पाहणीत ९४ टक्के इस्पितळांना आर्थिक फटका बसला होता. दुसऱ्या क्लिअरिंगहाउसकडे का गेले नाहीत? बरेच गेले. पण नवीन करार, नवीन सॉफ्टवेअरची जोडणी आणि प्रत्येक विमा कंपनीकडे नव्याने नोंदणी, यात आठवडे जातात.

युनायटेडहेल्थने अडचणीतल्या दवाखान्यांना बिनव्याजी उसने पैसे दिले. मे महिन्यापर्यंतच साडेसहा अब्ज डॉलरच्या घरात. मेडिकेअर या सरकारी विमा योजनेनेही उचल दिली. इथे एक गोष्ट टोचते. ऑरेगॉनमधल्या कोर्व्हालिस क्लिनिकला ऑप्टम विकत घेऊ पाहत होती आणि राज्याची तपासणी चालू होती. मार्चमध्ये आपण आर्थिकदृष्ट्या कोसळतो आहोत असं सांगून तातडीची सूट मागितली गेली आणि राज्याने अटी घालून ती दिली. तिथल्या वृत्तपत्रांनी या टंचाईचा संबंध चेंजच्या बंद पडण्याशी जोडला. यंत्रणा ज्याची बंद पडली, त्याच्याच ओटीत दवाखाना गेला. यात कुणाचा कट होता असं मला वाटत नाही. आकार एवढा झाला की अपघातही मालकाच्याच बाजूला झुकतात.

१ मे २०२४ रोजी विटी सिनेटच्या वित्त समितीसमोर बसले. २ कोटी २० लाख डॉलरची खंडणी बिटकॉइनमध्ये आपणच द्यायला लावली, हे त्यांनी मान्य केलं. खंडणी देऊनही माहिती सुरक्षित झाली नाही, कारण टोळीतलेच लोक एकमेकांना फसवून पळाले आणि पुढे दुसऱ्या टोळीने त्याच माहितीवर धमक्या दिल्या. उत्तर कॅरोलिनाचे सिनेटर टॉम टिलिस यांनी समितीसमोर एक पुस्तक उंच धरलं: नवशिक्यांसाठीचं हॅकिंगचं पुस्तक, बाजारात सहज मिळणारं. समितीचे अध्यक्ष रॉन वायडन यांचा रोख कंपनीच्या आकारावर होता. बाधितांचा आकडा ऑक्टोबरमध्ये दहा कोटी होता. जानेवारी २०२५ मध्ये तो एकोणीस कोटींवर गेला. देशाची निम्म्याहून जास्त लोकसंख्या.

म्हणजे माहिती फुटलीच. पण खटला ज्या वाटेने फुटेल असं सांगत होता, त्या वाटेने नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये ऑप्टम आणि युनायटेडहेल्थ यांच्यामधल्या आतल्या फायरवॉलवर दिवसच्या दिवस उलटतपासण्या झाल्या. बाहेरून आत येण्याची वाट कुणाच्याच मुद्द्यांत नव्हती. निम्मे क्लेम एका यंत्रणेतून जातात हे सरकारनेच तक्रारीत लिहिलं होतं, पण ते किती माहिती हाती येईल हे सांगायला. ती यंत्रणा महिनाभर बंद पडली तर काय, हा प्रश्न क्लेटन कायद्याच्या चौकटीत बसत नाही. तिथे भाव, दर्जा, नवी कल्पना यांचं वजन होतं. देश एकाच दोरीला लटकणं, याचं वजन करायला त्या काट्यावर पारडंच नाही.

सरकार जिंकलं असतं तर हे टळलं असतं, असं म्हणणारे बरेच भेटतात. मला ते पटत नाही. खरेदीच्या आधीही चेंज एवढीच मोठी होती. एकामागून एक कंपन्या गिळत ती तशी झाली आणि २०१७ मध्ये मॅकेसन या औषध वितरक कंपनीचा संगणक विभाग तिच्यात मिसळला, तेव्हा कुणी मोठी हरकत घेतली नाही. विटींनी सिनेटला सांगितलं की चेंजच्या यंत्रणा जुन्या होत्या आणि आपण त्या सुधारत होतो. ते खरं असेल तर वेगळी राहिलेली चेंजही त्याच उघड्या सर्व्हरवरून लुटली गेली असती. दोष शोधायचाच तर तो आधीच्या वीस वर्षांतल्या त्या लहान-मोठ्या मंजुऱ्यांत आहे, ज्यातली प्रत्येक सुटी पाहिली तर निरुपद्रवी होती. एकेक खरेदी स्वतंत्र तपासायची ही पद्धतच अशा ठिकाणी अपुरी पडते. डिसेंबर २०२३ मध्ये न्याय खातं आणि ट्रेड कमिशन यांनी विलीनीकरणाची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात एखादी कंपनी लागोपाठ करत गेलेल्या खरेद्या एकत्र बघण्याचं कलम आलं. चेंजच्या बाबतीत ते फार उशिरा आलं.

हल्ल्यानंतर आठवडाही झाला नव्हता, तेव्हा न्याय खात्याने युनायटेडहेल्थची नवी चौकशी सुरू केल्याची बातमी वॉल स्ट्रीट जर्नलने दिली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ट्रेड कमिशनने इन्सुलिनच्या किमतींवरून तीन मोठ्या औषध-मध्यस्थांविरुद्ध तक्रार दाखल केली. त्यात ऑप्टमचीच ऑप्टमआरएक्स होती. ह्युमलॉग या इन्सुलिनची छापील किंमत १९९९ मधल्या २१ डॉलरवरून २०१७ मध्ये २७४ डॉलरवर कशी गेली, हा त्या तक्रारीचा गाभा. नोव्हेंबरमध्ये, कँटर यांच्या अखेरच्या महिन्यांत, न्याय खातं पुन्हा कोर्टात गेलं. या वेळी युनायटेडहेल्थ करू पाहत असलेल्या, घरपोच शुश्रूषा देणाऱ्या ॲमेडिसिसच्या खरेदीविरुद्ध. सरकार बदललं, अधिकारी बदलले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये त्या दाव्यात समेट झाला. १९ राज्यांतली १६४ केंद्रं विकायची आणि ॲमेडिसिसने कागदपत्रं पुरवण्याबाबत खोटी हमी दिल्याबद्दल ११ लाख डॉलर दंड भरायचा. त्याच महिन्यात खरेदी पार पडली आणि ॲमेडिसिसही ऑप्टमच्या ताब्यात गेली.